चित्रात माणसं किती?

१

साठ वर्षं जुन्या चित्राला अंगठा लावला तर अंगठ्याला काय लागावं? धूळ लागावी, फार तर जळमट. संग्रहालयाच्या सफवत साहेबांच्या अंगठ्याला लागला तांबडा रंग. आणि तोही ओला!

मंगळवारची सकाळ होती. 'बे' हा किताब मिरवणाऱ्या शवकत बेंच्या दिवाणखान्यात आम्ही सातआठ जण कॉफी पीत बसलो होतो. कैरोतल्या जुन्या घरांतली चित्रं मागून आणून संग्रहालय प्रदर्शन भरवणार होतं आणि बेंच्या घरचं चित्र त्यात मानाच्या जागी लागणार होतं. एका फिरंगी चित्रकारानं याच घरात पाहुणा म्हणून राहून, याच दिवाणखान्यात ते रंगवलं होतं. चित्रापुढे कायम ठेवलेली मोठी पितळी कुंडी आज पाहुण्यांसाठी मुद्दाम बाजूला सरकवली होती. बे जपमाळेच्या गोंड्यानं एकेक माणूस दाखवत होते.

"फासे हातात आहेत ते माझे आजोबा, रुस्तम बे. समोर हरत बसलेत ते काझी. हुक्का ओढणारे हाज मन्सूर, कापडाचे व्यापारी. ऊदाच्या तारा छेडणारे आजोबांचे मेहुणे. शुक्रवारची दुपार आली की या चौघांची बैठक जमलीच म्हणून समजा."

चित्र होतंच पाहत राहावं असं. जाळीच्या खिडकीतून गालिच्यावर सांडलेलं ऊन, मध्ये तावल्याचा, फासे टाकून खेळायचा पट, काझींच्या कपाळावरची आठी. मागे कॉफीचं भांडं घेऊन उभा असलेला पिकल्या मिशांचा नोकर. पुढे, गालिच्याच्या कडेला, तांबड्या चामड्याच्या सपातांचे चार जोड ओळीनं मांडलेले, टोकं दाराकडे केलेली.

सफवत साहेब त्या सपातांचा रंग वाखाणायला वाकले, अंगठा टेकवला आणि तसेच थांबले. मग त्यांनी चित्र उतरवलं, पाठ पाहिली, कापडाचा वास घेतला.

"हे कापड चहात बुडवून जुनं केलंय, बेसाहेब. तुमच्या घरात नक्कल टांगलेली आहे. फार तर चार-पाच महिन्यांची!"

बेंच्या हातून पेला निसटला. त्यांचा पुतण्या मिदहत ताडकन उठला आणि ओरडला, "ती हंगेरीवाली! चित्र साफ करायला तिच्याकडेच दिलं होतं ना? खरं ठेवून घेतलं आणि हे आपल्या माथी मारलं!"

सगळे एकदम बोलू लागले. एकटी माझी बहीण गप्प होती. माझी ताई, वहीबा, सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. मी लुत्फी, कोर्टातला निवृत्त कारकून, तिच्या जिभेच्या टप्प्यात राहणारा धाकटा भाऊ. ताईनं चष्मा पुसला आणि चित्राला जागोजाग बोट लावून पाहिलं. फेटा कोरडा. गालिचा कोरडा. हुक्का कोरडा.

"लुत्फ्या," ती माझ्या कानाशी लागली, "सगळं चित्र वाळलंय. ओल्या आहेत त्या फक्त सपाता. आणि त्यांच्यावरच रंगाचा एवढा जाड थर! या सपातांत असं काय होतं, की माणसानं त्या सगळ्यात शेवटी आणि इतक्यांदा रंगवाव्यात?"

मला काय कळणार!

२

दुपारी आम्ही घरी येऊन टेकतो न टेकतो तोच दार वाजलं. इल्काबाई! जुनी चित्रं साफ करणारी तीच हंगेरीवाली, पोलीस ठाण्यातून तडक आमच्याकडे आलेली.

दार उघडायच्या घाईत ताईच्या पायातली एक सपात निसटली आणि बैठकीच्या उंबऱ्यात उताणी पडली. इल्काबाई तिला वळसा घालून आत आल्या आणि खुर्चीत कोसळल्या. मी मात्र "तोबा तोबा" पुटपुटत आधी सपात सरळ केली. मान वर करतो तर ताई माझ्याकडे रोखून पाहत होती. मग तिनं इल्काबाईंकडे पाहिलं, मग सपातेकडे. तिचा असा चेहरा मी पूर्वी दोनदाच पाहिलाय, आणि दोन्ही वेळा कोणाची तरी चोरी पकडली गेली होती.

"इथे राहायचा परवाना रद्द झाला," इल्काबाई म्हणाल्या. "गुरुवारी संध्याकाळची गाडी, मग बोट. मला तिकडे कोणी नाही, वहीबा. माझा नवरा आंद्राश इथे पुरलाय. मी त्याला सोडून कुठे जाऊ?"

"रडू नकोस. रडलीस तर विसरशील. चित्र हातात आलं तेव्हापासून सांग."

"काजळी फार होती. दोन आठवडे लागले. पाच माणसं, पाच चेहरे, एकेक कापसानं पुसला. आणि तो सपातेचा तळ!" रडता रडता त्यांचे डोळे चमकले. "पिवळं चामडं, झिजलेलं, टाचेला भोक. बाकी सगळे ऐटीत बसलेत. तेवढा तुकडा खरा. मी तो सगळ्यात हळू पुसला."

ताईनं त्यांना कॉफी पाजली आणि धीर देऊन पाठवलं. दार लागलं मात्र, ती उंबऱ्याशी गेली आणि पायाच्या अंगठ्यानं सपात पुन्हा उताणी केली, दुसरी काढून शेजारी ठेवली!

"ताई! घरात भांडणं लावायची आहेत का?"

"हात लावशील तर रात्रीचं जेवण बंद. ते चित्र ज्यांच्या हाताशी होतं त्या दोघांना उद्या बोलावते. तू फक्त बघायचं आणि तोंड मिटून बसायचं. दुसरं जमलं नाही तर निदान पहिलं कर."

रात्रभर ती सपात तिथे तशीच पडलेली. मला धड झोप लागली नाही.

३

बुधवारी सकाळी मिदहत आला, हातात छडी, केसांना सुगंधी तेल. त्यानं चालता चालता बुटाच्या टोकानं सपात उडवली. ती सरळ होऊन भिंतीला टेकली.

"रोममध्ये तीन वर्षं चित्रकला शिकलास म्हणे," ताईनं सुरुवात केली. "बेंच्या घरात एवढा हात चालणारा दुसरा कोण?"

"म्हणजे मी चोर?"

"मी कुठे म्हटलं? इल्कानं चित्र परत दिलं तेव्हा घरात रंगसफेदी चालू होती. दहा दिवस ते चादरीत गुंडाळून मागच्या खोलीत होतं. किल्ली दोघांकडे. एक तू. मग मागच्या दारानं तू पथारीएवढी गुंडाळी नेलीस, ती कसली? मोलकरणीनं पाहिलंय."

मिदहतचा चेहरा पडला. "माझी स्वतःची चित्रं होती. प्रदर्शनासाठी पाठवली होती. अकराच्या अकरा परत आली. काकांना सांगू नका, बाई. ते जन्मभर हसतील."

"नाही सांगत. एक सांग, घरच्या चित्रात माणसं किती?"

"हा काय प्रश्न! चार."

तो गेला. मी म्हणालो, "खोटं बोलतोय. एवढी मोठी गुंडाळी!"

"खरं बोलतोय. ती अकरा चित्रं मी प्रदर्शनवाल्यांकडे पाहिली आहेत. त्याला हात काढता येत नाहीत रे. त्याच्या चित्रातली यच्चयावत माणसं हात खिशात घालून उभी असतात." आणि तिनं सपात पुन्हा उताणी करून ठेवली.

दुपारी मर्जूक एफेंदी आले. सरकारी शाळेत चित्रकलेचे मास्तर. आठवड्यातून तीनदा बेंच्या मुलीला शिकवायला त्यांच्या घरी जात. झिजलेला पण इस्त्रीचा कोट, बोटांना रंगाचे डाग, वागणं अगदी आदबीचं. उंबऱ्याशी ते थबकले, खाली वाकले, दोन्ही हातांनी सपात उचलून सरळ केली, शेजारच्या सपातेला जोडून ठेवली, टोकं दाराकडे केली आणि मगच आत आले.

"तुमच्या विद्यार्थिनीनं ते चित्र हिवाळाभर उतरवलं ना?" ताईनं विचारलं.

"हो, बाई. सरावासाठी. पोरीचा हात चांगला आहे."

"सरावाला फार अवघड नाही का? किती माणसं आहेत त्यात?"

"पाच. पण घोळका वाटत नाही. दोघे पटाशी, एक हुक्क्याशी, एक ऊदाशी, आणि मागे तोहामीकाका. नजर बरोबर फिरत जाते."

"आणि किल्ली?"

"मागच्या खोलीत शिकवणी चालायची, म्हणून माझ्याकडे एक असायची. पोलिसांना मी दिली परत." मग कपातली कॉफी ढवळत त्यांनी हळूच विचारलं, "त्या बाईंना खरंच घालवून देणार का?"

"उद्या संध्याकाळी."

त्यांनी कॉफी तशीच ठेवली. जाताना कोपऱ्यातली छत्री विसरले, परत आले, छत्री घेतली, आणि परत काही बोलायला तोंड उघडून तसेच निघून गेले.

"बिचारा," मी म्हणालो, "किती हळवा आहे!"

"लुत्फ्या," ताई उठत म्हणाली, "तू कोर्टात चाळीस वर्षं नेमकं काय ऐकत होतास?"

४

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही बेंच्या घरी. संध्याकाळची गाडी सहाची. माझं सारखं घड्याळाकडे लक्ष. नक्कल पुन्हा भिंतीवर टांगलेली आणि पितळी कुंडी पुन्हा तिच्यापुढे.

"बेसाहेब, ही कुंडी इथे कोणी ठेवली?"

"आईनं. मी जन्मायच्या आधीपासून आहे. तिची सक्त ताकीद होती, कुंडी हलवायची नाही. लहानपणी मी मागे डोकावलो म्हणून मार खाल्लाय."

"मागे असं काय होतं?"

बे जरासे ओशाळले. "त्या फिरंग्याचा अडाणीपणा. एक सपात उताणी काढलीय त्यानं. तळ आकाशाकडे! आई म्हणायची, असलं चित्र भिंतीवर असल्यावर घरात कटकटी होणार नाहीत तर काय होईल? आजोबांची आठवण म्हणून काढताही येईना. मग कुंडी."

मी टुणकन उठलो. ताईच्या आधी! कुंडी ओढली. चार जोड, आठ सपाता. आठही सरळ, टोकं दाराकडे.

"साठ वर्षं उताणी पडलेली सपात," ताई शांतपणे म्हणाली, "सरळ झाली."

बेंनी डोळे चोळले. "मंगळवारी माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"सरळ सपातेकडे कोण बघतं? उताणी असती तर आपण सगळेच किंचाळलो असतो. एकच शेवटचं विचारते. चित्रात माणसं किती?"

"चार."

"आणि मागे भांडं घेऊन उभा आहे तो?"

"तो? तो नोकर."

"त्याचं नाव काय?"

"कोण जाणे! पंधरावीस नोकर असायचे घरात. ते नाव ठाऊक असणारं आता कोणीच उरलं नाही."

"उरलंय एक," ताई म्हणाली. "आणि काल ते आमच्या घरी कॉफी प्यायला आलं होतं. गाडी जुंपायला सांगा, बेसाहेब. तुम्हीही चला!"

५

बग्गीत बेंनी तिला बोलायला लावलं. चाकं दगडांवर खडखडत होती आणि ताई त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होती.

"इल्का तीन वर्षं इथे आहे, पण माझ्या उताण्या सपातेला वळसा घालून गेली. तिला त्यात वावगं दिसतच नाही. तिनं नक्कल केली असती तर तळाचं भोकसुद्धा जसंच्या तसं काढलं असतं. उलट तिला त्या तळाचं केवढं कौतुक! सपात सरळ केली ती आपल्यातल्याच कोणाच्या तरी हातानं. आपल्याला राहवतच नाही. हा लुत्फ्या तर झोपेतून उठून सरळ करील."

"म्हणजे मिदहत!" बे म्हणाले.

"त्यानं पायानं उडवली, टोक कुठे गेलं ते पाहिलंही नाही. मर्जूकनं दोन्ही हातांनी उचलली, जोडीला लावली आणि टोकं दाराकडे वळवली. पाहुण्याला निघताना पाय सरकवता यावा म्हणून. चित्रातही टोकं दाराकडेच आहेत! हे वळण मालकाच्या घरात लागत नाही. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या सपाता सांभाळल्या, तिथलं ते. आणि त्याला चित्रात पाचवा माणूस दिसला, त्याचं नावही ठाऊक होतं. तोहामीकाका."

ते नाव माझ्या कानांवरूनही गेलं होतं!

मर्जूक एफेंदींची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दार त्यांनीच उघडलं. आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाले. पलंगासमोरच्या भिंतीवर खरं चित्र होतं. गालिच्याच्या कडेला ती सपात उताणी पडलेली, पिवळा तळ, टाचेला भोक. माझा हात आपोआप पुढे झाला. चित्रातली सपात कशी सरळ करणार?

बेंचा आवाज चढला. "माझ्या घरचं मीठ खाऊन..."

"मीठ माझ्या आजोबांनी खाल्लं, बेसाहेब. तीस वर्षं." मर्जूक एफेंदींचा आवाज मात्र चढला नाही. "या बैठकीतल्या सपाता तेच लावायचे. एक कधी वाकडी राहिली नाही. त्या फिरंग्यानं स्वतःच्या काठीनं ती उलटी केली. म्हणे रंग खुलतो. आजोबा सरळ करायला गेले तर त्यांना भांडं धरून हलू नकोस म्हणून दटावलं. चित्र झालं. तुमच्या आजींनी पाहिलं आणि म्हणाल्या, याच्या देखत सपाता अशा पडतात? दुसऱ्या दिवसापासून आजोबा तबेल्यात. तिथेच वारले. माझे वडील हे सांगताना दर वेळी रडायचे. आजोबांचा चेहरा जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरलाय. मला तो हवा होता."

"नक्कल ठेवून घ्यायचीस," ताई म्हणाली. "चेहरा तर तू हुबेहूब काढलास."

"माझ्या हातचा चेहरा तो माझाच. हा त्यांना समोर उभं करून काढलेला आहे, बाई." त्यांनी मान खाली घातली. "पोरीच्या सरावाच्या आडून मीही उतरवत गेलो. सगळं जसंच्या तसं उतरलं. ती सपात उतरेना. तीनदा उलटी रंगवली, तीनदा खरवडली. हातच चालेना. शेवटी सरळ काढली, आणि त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली!"

बे चित्राच्या अगदी जवळ गेले होते आणि पिकल्या मिशांचा तो चेहरा पाहत होते. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

ताईला मात्र पाझर फुटला नव्हता. तिचे डोळे नुसते पेटले होते. "मर्जूक, आजोबांची सपात सरळ केलीस. आणि त्या परक्या बाईला रस्त्यात उताणी टाकून दिलंस. दोन दिवस तुला माहीत होतं. माझ्याकडे येऊन कॉफी ढवळत बसलास! तुझ्या आजोबांवर दुसऱ्याच्या काठीचा आळ आला. तूही तेच केलंस की."

मास्तरांनी खुंटीवरचा कोट काढला. "किती वाजले?"

"साडेअकरा," मी म्हणालो.

"ठाणं चालत वीस मिनिटं आहे."

"बग्गी आहे खाली," बे म्हणाले, आणि स्वतःच आधी जिना उतरू लागले.

६

इल्काबाई गेल्या नाहीत. त्यांची बांधलेली पेटी ठाण्याच्या दारातूनच परत फिरली. बेंनी तक्रार मागे घेतली, तरी मर्जूक एफेंदींची त्यांच्या घरची शिकवणी सुटली ती सुटलीच. इल्काबाईंनीही त्यांना पुढे सहा महिने नमस्काराला उत्तर दिलं नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

बेंच्या दिवाणखान्यात नक्कलच राहिली. कुंडी गच्चीवर गेली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी खरं चित्र भिंतीवर चढलं. सफवत साहेब खालच्या पाटीसाठी कागद-पेन्सिल घेऊन उभे. "हं, सांगा बेसाहेब. चौघांची नावं."

"पाच," बे म्हणाले.

"पाच?"

"मोजा ना. तोहामी, या घरचे कारभारी. पहिलं नाव ते लिहा. मग बाकीच्या चौघांची."

दुसऱ्या दिवशी तोबा गर्दी! जो येई तो उताण्या सपातेपाशी थबके, चुकचुके, कोणी कानाला हात लावी. मर्जूक एफेंदी मागे खांबाआड उभे होते. पुढे येईनात. आणि शवकत बे, ज्यांनी आयुष्यात कोणाला स्वतःहून पाणी विचारलं नव्हतं, ते चित्राशेजारी दिवसभर उभे राहून प्रत्येक अनोळखी माणसाला थांबवून सांगत होते, "ती सपात फिरंग्यानं काठीनं उलटी केलीय. तोहामीकाकांनी नव्हे. त्यांच्या हातून असं कधी झालं नाही."